उमाठे डॉक्टरांचा संशय

उमाठे डॉक्टर रोग्याच्या छातीवर बोटाने ठोकून झाले की लगेच स्वतःच्या छातीवर ठोकत. डावा हात रोग्याच्या बरगड्यांवर सपाट ठेवायचा, त्याच्या मधल्या बोटावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायची, कान तिरका करून ऐकायचं, आणि मग शर्टाचं वरचं बटण काढून तेच सगळं आपल्या छातीवर. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना वाटे की डॉक्टर रोग्याची पीडा स्वतःवर उतरवून घेतात. एकीने तर त्यांच्यासाठी नारळही आणला होता. मी एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "माह्या बोटाचा काय भरोसा, ताई? आवाज बद्द आला, तर रोग्याची छाती बद्द हाये का माहं बोटच आज बद्द हाये, हे मले कसं समजन?"

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या बाबाने त्यांच्याबद्दल काही सांगितलं असेल तर गंमत म्हणूनच सांगितलं असेल. ईशा, परवा तू फोनवर म्हणालीस की तुमच्या इमर्जन्सी विभागात आता खिशात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र असतं, आणि धाप लागलेला माणूस आला की खाटेपाशीच ते छातीला लावून न्यूमोनिया आहे की नाही ते तुम्ही बघता. आम्ही कपाळाला हात लावून ताप बघतो तितक्या सहजपणे तू ते सांगितलंस. मी "हो का" म्हणून फोन ठेवला. पण मी ते एकदा पाहिलेलं आहे. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, नागपुरात. आणि पाहताना माझा त्यातल्या कशावरही विश्वास बसत नव्हता, ना यंत्रावर, ना डॉक्टरांवर. रोहन, तुला डॉक्टरकीत रस नाही हे मला ठाऊक आहे. तरी वाच, कारण त्या खाटेवर तुझा बाबा होता.

धंतोलीत आमचं एक लहानसं धर्मादाय हॉस्पिटल होतं. आता ते राहिलेलं नाही. मी तिथलं ऑफिस सांभाळत असे. विश्वस्तांची इंग्रजी पत्रं, औषधांच्या मागण्या, डॉक्टरांच्या वेळा, सगळं माझ्याकडे. उमाठे फिजिशियन म्हणून रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना खोली उघडून दिली आणि सांगितलं की कालच सगळं पुसून घेतलंय. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं नाही. वाकून टेबलाच्या खालच्या फळीवरून फिरवलं, आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. "वरून तर सारेच पुसते," ते म्हणाले. रागावून नाही, माहिती दिल्यासारखं. मला हा माणूस मुळीच आवडला नाही.

पुढे कळलं की ते भिवापूरचे. वडील मिरचीचे खरेदीदार. बाजारात पोत्याच्या तोंडाशी लालभडक, कोरडी मिरची मांडलेली असते आणि मधे वजन वाढवायला पाणी मारलेली ओलसर मिरची भरलेली असते, म्हणून वडील कोपरापर्यंत हात पोत्यात घालून मधली मिरची बाहेर काढत आणि कानाशी हलवून बघत. वाळलेलीचं बी खुळखुळतं, ओलीचं वाजत नाही. उमाठे म्हणत, माझ्या बापाचा उजवा हात जन्मभर चुरचुरत राहिला, पण त्याला कोणी फसवलं नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे, आणि तो एरवी फारसा खुलत नसे.

माणसं तपासताना त्यांची तीच तऱ्हा होती. रोगी म्हणाला ताप नाही, की हे विचारणार, येताना गोळी घेतली का? बहुतेकांनी घेतलेली असे. हुडकेश्वरकडून बैलगाडीने आलेल्या एका म्हातारीने शपथेवर सांगितलं की गोळी घेतली नाही. तिच्या पदराच्या गाठीतून यांनी गोळीचा रिकामा कागद काढून दाखवला. ती म्हणाली, तुमच्यासमोर ताप घेऊन येऊ का, बरं दिसते का ते? थर्मामीटर एकाच वेळी दोन लावायचे, कारण एकावर विश्वास कसा ठेवायचा. एक्स-रेची प्लेट हातात आली की छाती बघायच्या आधी नाव बघायचे, मग डावं-उजवं, आणि मग रोग्याच्या गळ्यातली साखळी किंवा ताईत प्लेटवर दिसतो का ते. कुणी काही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "असं कोनं सांगतलं?" हा प्रश्न ते परिचारिकांना विचारत, मला विचारत, विश्वस्तांच्या सभेत अध्यक्षांनाही विचारत.

त्यांच्या अगदी उलट होते सर्जन परचुरे. उंच, स्वच्छ, बोलणं छापल्यासारखं. परचुरे खोलीत आले की नातेवाइकांचे खांदे सैल होत, उमाठे आले की ताठ होत. दोघं रोज अकरा वाजता एकत्र चहा पीत आणि रोज भांडत. परचुरे म्हणत, उमाठे, तुम्ही लग्नात तरी बायकोचं नाव एकदाच विचारलंत का? उमाठे म्हणत, तिनं सांगतलं ते मानून घेतलं, अजून पडताळून राहिलो.

ऐंशी साल उलटून गेल्यावर हॉस्पिटलात सोनोग्राफीचं यंत्र आलं. लहान फ्रिजएवढं, चाकांवरचं, वर एक करडा पडदा. उमाठे मुंबईला राहून ते शिकून आले. गावात त्या यंत्राबद्दल नाना संशय होते, आणि माझाही एक होता. नवं यंत्र आलं की ते वापरायची कारणं आपोआप सापडू लागतात, हे मी ऑफिसात बसून पाहिलं होतं. सुनेच्या पोटात दुखतं म्हणून सासवा तिला घेऊन येत आणि त्यांना बघायचं असे भलतंच, मुलगा आहे की मुलगी. उमाठ्यांना ते पक्कं माहीत होतं. ते पडदा भिंतीकडे वळवून ठेवत आणि म्हणत, "पोट ठीक हाये, माय. अजून काई पाहाचं असन तर घरी जाऊन आरशात पाहा."

पण यंत्रावर सगळ्यांत जास्त संशय उमाठ्यांचाच. यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं की पोट बघा, मूल बघा, पित्ताचे खडे बघा, फुप्फुसाच्या मात्र नादी लागू नका. तिथे हवा असते, आणि हवेतून या लहरी जात नाहीत. पडद्यावर नुसतं धुकं दिसेल. उमाठ्यांनी विचारलंच, असं कोणी सांगितलं. मग रिकाम्या दुपारी ते बादली घेऊन बसले. कोरडा स्पंज यंत्राखाली धरला तर पलीकडचं काही दिसेना. तोच पाण्यात पिळून काढून हवा घालवली तर आरपार दिसू लागलं. हे त्यांनी इतक्या वेळा केलं की मोलकरणीने माझ्याकडे तक्रार आणली, डॉक्टर फरशी ओली करून राहिले.

आता त्या दिवसाबद्दल. डिसेंबर होता, नंदूची चाचणी परीक्षा चालू होती आणि त्या दिवशी गणित होतं. नंदू म्हणजे तुमचा बाबा, तेव्हा नऊ वर्षांचा. सकाळी म्हणाला, पोटात दुखतंय. मी म्हटलं, दप्तर भर. त्याने थर्मामीटर मागून घेतला आणि ताप दाखवला. याच मुलाने मागच्या वर्षी थर्मामीटर चहाच्या कपाला लावला होता, म्हणून मी तो झटकून माझ्यासमोर पुन्हा लावला. ताप खराच होता, आणि चांगलाच होता. रिक्षात तो ओकला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत उजवी कूस धरून वाकडा झाला होता.

परचुऱ्यांनी पोट दाबलं. उजवीकडे हात लागताच नंदू कळवळला आणि पोट लाकडासारखं कडक झालं. परचुरे माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, वहिनी, अपेंडिक्स आहे. फुटायच्या आत काढून टाकू. तुमचे आजोबा बालाघाटकडे दौऱ्यावर होते. ट्रंक कॉल लावला, लागला नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना निरोप गेला. मला संमतीच्या कागदावर सही करायची होती, आणि खरं सांगायचं तर मी पेन काढलंही होतं. परचुऱ्यांच्या बोलण्यावर संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं.

भूल देण्याआधी फिजिशियनने छाती तपासून हरकत नाही म्हणायचं अशी रीत होती. एका मिनिटाचं काम. उमाठे आले आणि दारातच थांबले. नंदूकडे दुरूनच बघत राहिले. नंतर कळलं, ते त्याच्या नाकपुड्या बघत होते. प्रत्येक श्वासाला त्या धाप लागल्यासारख्या फुलत होत्या. मग त्याला बसवून पाठीवर ठोकलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, खाली. स्वतःच्या छातीवर ठोकलं. परत नंदूच्या पाठीवर. मग मला विचारलं, खोकला आहे का? मी नाही म्हटलं.

"रात्री?"

"रात्रीही नाही."

"रात्री तुमाले झोप लागली होती का, ताई?"

"लागली होती."

"मग नव्हता हे कोनं सांगतलं?"

मला संताप आला. मूल वेदनेने तळमळतंय आणि हे माझी उलटतपासणी घेतायत. पण त्यांनी छातीचा एक्स-रे मागितला आणि तो होईपर्यंत परचुऱ्यांना थांबावंच लागलं. प्लेट ओलीच आणली गेली. दोघांनी ती खिडकीपाशी धरली. परचुरे म्हणाले, छाती स्वच्छ आहे. उमाठ्यांनी नाव पाहिलं, डावं-उजवं पाहिलं, नंदूच्या गळ्यातल्या चांदीच्या बदामाची सावली पाहिली. "प्लेट याचीच हाये," ते म्हणाले. प्लेट दुसऱ्या कुणाची निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असा तो आवाज होता.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं. उमाठे बाहेर गेले आणि यंत्र स्वतः ढकलत खाटेपाशी घेऊन आले. परचुरे म्हणाले, अपेंडिक्स यात दिसायचं नाही. उमाठे म्हणाले, लिव्हर तर पाहू द्या. पोटावर थंड जेली लावली, यंत्राचा हातात धरायचा भाग बरगड्यांखाली ठेवला आणि हळूहळू वर नेला. मी खाटेच्या डोक्याशी नंदूचा हात धरून उभी होते. उमाठ्यांचा हात थांबला. मागे आला. परत वर गेला. मग त्यांनी पडदा माझ्याकडे आणि परचुऱ्यांकडे वळवला.

त्यांनी आम्हांला जे दाखवलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. खाली करड्या रंगाचं लिव्हर, त्यावर एक उजळ, कमानदार रेघ. ते श्वासपटल, पोट आणि छाती यांमधला पडदा. त्या रेघेच्या वर निरोगी माणसात काहीच दिसत नाही, नुसतं धुकं, कारण तिथून हवेने भरलेलं फुप्फुस सुरू होतं. नंदूच्या रेघेवर धुकं नव्हतं. तिथे दुसरं लिव्हर असावं तसं काहीतरी भरीव, करडं दिसत होतं. परचुरे म्हणाले, हा आरशासारखा भास आहे, श्वासपटलावरून लिव्हरचंच प्रतिबिंब पडतं, पुस्तकात दिलंय. उमाठ्यांनी मान हलवली. मलेही तोच संशय हाये, ते म्हणाले. मग नंदूला कुशीवर वळवून त्यांनी पाठीमागून, बरगड्यांच्या फटीतून बघितलं, जिथे मधे लिव्हर येतच नाही. पडद्यावर तोच करडा ठोकळा होता. त्यात पांढरे ठिपके होते आणि श्वासाबरोबर ते हलत होते.

मी म्हटलं, तुम्हीच तर सांगत होतात की यात फुप्फुस दिसत नाही.

"तेच तर, ताई. दिसायले नको, अन् दिसून राहिलं. म्हनजे तिथची हवा गेली अन् पानी भरलं. हा न्यूमोनिया हाये. पोटात दुखते, पन दुखनं पोटाचं नाही."

आता तुम्हीच विचार करा, मी काय करायला हवं होतं. एकीकडे शहरातला नावाजलेला सर्जन, त्याच्या हाताला लागलेलं कडक पोट, आणि स्वच्छ एक्स-रे. दुसरीकडे टेबलाची खालची फळी पुसली की नाही ते बघणारा माणूस, आणि ज्याने फुप्फुस बघू नये असं बनवणाऱ्यांनीच सांगितलेलं यंत्र. परचुऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की थांबलो आणि अपेंडिक्स फुटलं तर पोटभर विष पसरेल. उमाठ्यांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की छातीत न्यूमोनिया असताना या मुलाला भूल दिली तर ते टेबलावरून उठेल याची खात्री नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि मला दोघांचाही संशय येत होता. सर्जनला कापायचं असतं, आणि नव्या यंत्रवाल्याला यंत्र लावायचं असतं.

तेवढ्यात उमाठ्यांनी स्टेथोस्कोप काढला आणि पोटातले आवाज ऐकायचेत असं म्हणून तो नंदूच्या उजव्या कुशीवर ठेवला. ठेवता ठेवता त्याच्याशी बोलू लागले.

"काय गा, आज गनिताचा पेपर होता म्हनते तुही माय?"

"हो."

"पेपर कोन काढते?"

"बाई काढतात."

"अन् आधी कोनाले सांगून ठेवते का?"

"नाही, काका. बाई तशा नाहीत."

"असं कोनं सांगतलं?"

नंदू बाईंची बाजू घेऊन बोलू लागला. कोण पहिलं येतं, कोणाला शून्य मिळालं, सगळं. मी उमाठ्यांच्या हाताकडे पाहत होते. बोलता बोलता त्यांनी स्टेथोस्कोपची चकती पोटात इतकी खोल दाबली होती की भोवती खड्डा पडला होता. मघाशी हात टेकला तरी कळवळणारा नंदू बाईंबद्दल बोलतच होता. परचुरेही पाहत होते. मुलाच्या दुखण्यावरही संशय घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

परचुरे म्हणाले, लहान मुलं कधीकधी दुखलं तरी सांगत नाहीत. मग त्यांनी आपला स्टेथोस्कोप काढून तसंच करून पाहिलं, आणि शाळेबद्दल विचारलं. नंदू बोलत राहिला. परचुऱ्यांनी स्टेथोस्कोप काढून गळ्यात घातला.

मी उमाठ्यांना विचारलं, तुमची खात्री आहे का?

"खात्री असती तर बरं झालं असतं. मी म्हनतो म्हनून थांबू नका, ताई. मी चुकलो असन. थेटर तयार ठेवा, भूलवाल्या डॉक्टरले बसवून ठेवा, अन् परचुरे साहेबांले इथून हलू देऊ नका. माह्यावर नजर ठेवाले कोनी तरी पाहिजे."

याच बोलण्यावर मी थांबले. त्यांनी विश्वास मागितला असता तर मी सही केली असती. मी म्हटलं, संध्याकाळी पाचपर्यंत. पाचला पोट असंच असलं किंवा वाढलं, तर परचुरे डॉक्टर त्याला आत नेतील आणि मी तुम्हाला विचारणार नाही. पेन मी पर्समध्ये ठेवलं नाही, हातातच ठेवलं.

पेनिसिलिन सुरू झालं. बाटलीवरचं नाव उमाठ्यांनी वाचलं, आणि परचुऱ्यांनाही वाचायला लावलं. मग खाटेच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून दोघं बसले. थोड्या थोड्या वेळाने एकजण पोट दाबायचा आणि दुसरा नंदूच्या चेहऱ्याकडे बघायचा. उमाठ्यांचं म्हणणं, साहेब, तुमचा हात आता हलका पडून राहिला. परचुरे म्हणायचे, तुमचा मुद्दाम हलका पडतोय. चहा आला, दोघांनी घेतला, पण त्या दिवशी भांडले नाहीत. मी नंदूच्या नाकपुड्या बघत होते. एकदा बघायला शिकल्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. मधे एकदा तो झोपेत विव्हळला आणि मी उठून उभी राहिले. परचुरेही उठले. उमाठे बसून राहिले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पाहून मला वाटलं, संपलं, हे चुकले. मी पेनाचं टोपण काढलं. नंदू कूस बदलून परत झोपला.

पाचाच्या थोडं आधी तो जागा झाला आणि खोकला. पहिल्यांदाच. खोकताना त्याने हाताने छाती दाबून धरली. परचुऱ्यांनी विचारलं, कुठे दुखलं? नंदूने उजव्या बरगड्यांवर बोट ठेवलं. परचुऱ्यांनी पोटावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पोट मऊ होतं. ते मला म्हणाले, "आज नेत नाही." त्यात 'आज' वर जोर होता. उमाठ्यांनी मान हलवली. त्यांना तो जोर पटला होता.

दोन दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग आलेला होता. पहिल्या दिवशी तो प्लेटवर उमटण्याइतका झालेलाच नव्हता. आठवड्याने नंदू घरी आला. मी पेढे घेऊन गेले. व्हरांड्यात परचुऱ्यांनी सगळ्यांसमोर उमाठ्यांचं मोकळेपणाने अभिनंदन केलं. उमाठ्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन काहून? न्यूमोनिया होता हे दिसलं. पन पोट तर आपुन उघडलंच नाही. अपेंडिक्स चांगलं होतं हे तुमाले कोनं सांगतलं? दोन्ही असू शकते." परचुरे हसले. उमाठे हसले नाहीत.

तिथून ते सुरू झालं. दिवाळीला फराळाला आले की नंदूला जवळ बोलवायचे, क्रिकेटबद्दल विचारायचे आणि बोलता बोलता त्याच्या उजव्या कुशीत बोटं रुतवायचे. सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात भेटले तर ठाणांच्या गठ्ठ्यापाशी उभं राहून तेच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला याची किती लाज वाटत असेल. तो त्यांना दुरून पाहिलं की रस्ता ओलांडायचा. मी एकदा म्हटलं, डॉक्टर, आता इतकी वर्षं झाली. ते म्हणाले, थांबायचं मी सांगितलं होतं, तेव्हा बघायचंही मीच.

त्यानंतर ते यंत्र बऱ्याच छात्यांना लागलं. नेहमी बरोबर आले असं नाही. एकदा त्यांनी न्यूमोनिया म्हटला आणि तिथे फुप्फुसाबाहेर साठलेलं पाणी निघालं. ती चूक त्यांनी जो भेटेल त्याला स्वतः सांगितली, अगदी विश्वस्तांनाही. त्यांनी यावर कधी काही लिहिलं नाही. कुणाला सांगायला जावं इतकी आपली खात्री नाही, असं म्हणत.

त्या दशकाच्या शेवटी ते हॉस्पिटल सोडून भिवापूरला परत गेले. जायच्या आधी निरोप घ्यायला आमच्या घरी आले. नंदू खेळून आला, त्यांना पाहिलं, आणि स्वतःच दिवाणावर आडवा होऊन त्याने शर्ट वर केला. त्या दिवशी उमाठ्यांनी क्रिकेटबद्दल विचारलं नाही. नुसता हात ठेवला, दाबला, आणि नंतर दाबायचं थांबूनही हात तिथेच राहिला. नंदू म्हणाला, नाही दुखत, काका. "तू सांगून नको राहू," ते म्हणाले, "मी पाहून राहिलो." मग चहा घेऊन गेले. ती आमची शेवटची भेट. चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं कळलं. हृदय बंद पडलं असं घरच्यांनी कळवलं. तपासलं कोणी होतं ते मी विचारलं नाही, पण ते माझ्या मनात आलं होतं.

मागच्या महिन्यात तुमचा बाबा फोनवर म्हणाला की जरा पोट दुखतंय, बाहेरचं खाणं झालं. मी विचारलं, कोणत्या बाजूला? तो म्हणाला, आई, डाव्या. मी म्हटलं, उजवीकडे दाबून बघ. तिकडे तुम्ही सगळे हसलात, ते मला ऐकू आलं. त्याने फोन दुसऱ्या हातात घेतल्याची खरखर आली. मग म्हणाला, "दाबलं. नाही दुखत."

मी त्याला तुमच्या आईकडे फोन द्यायला सांगितलं, आणि तिला म्हटलं की त्याला काहीतरी बोलण्यात गुंतव आणि मग तू दाबून बघ.